चौसष्ट सुया

बाबा, तुमचा सुयांचा बोर्ड कबाडात निघाला होता. तोच, चौसष्ट छोट्या पितळी कंपासचा, उत्तर दाखवणाऱ्या सुयांचा, जो तुम्ही कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये बसून बनवला होता, अन् ज्याच्यावरून आई तुम्हाले टोमणे मारे की घरच्या पाटाचा पाय मोडला तो ठोकायले याइले टाइम नाही. लॅब नवीन करून राहिले म्हणे, नवे टेबल, नवे पंखे, कॉम्प्युटर. जुनं सगळं व्हरांड्यात काढून ठेवलं. तुमच्यासोबत जे अटेंडंट भैया होते, आता त्याइचे केस पांढरे झाले, ते पंडरीच्या कापड बाजारात, मी काम करते त्या दुकानात आले. काउंटरवरून वाकून म्हणाले, "बेटी, पापा वाला बोर्ड कल कबाड़ी उठा लेगा. लकड़ी फेंक देगा, पीतल भनपुरी जाएगा, भट्टी में. लेना है तो सुबह आ जा." मी पिकोच्या मशीनवर बसली होती. पाय तिथंच थांबला, साडीची किनार अर्धीच राहिली. आमची दुकानवाली दीदी म्हणे, "क्या हुआ रे, करंट लगा क्या?"

तुम्ही गेले तेव्हा मी दहा वर्षांची होती, आता एकोणीसची आहो. मधलं थोडं सांगून टाकते. आईले अनुकंपावर नोकरी मिळाली, दुसऱ्या ऑफिसात. फाइली इकडून तिकडं नेते, साहेबाइले पाणी देते, अन् खुश आहे. आपण अजून तात्यापाऱ्यातच राहतो, त्याच दोन खोल्या. अन् मी नववीत शाळा सोडली. हे तुम्हाले आवडणार नाही, पण झालं ते असं झालं. हजेरीच्या वेळी माझं तोंड उघडे पण आवाज नाही निघे. तुम्हाले तर माहीतच आहे, पाहुण्यांसमोर बी मी पडद्यामागं उभी राहायची. मॅडम दोनदा नंबर पुकारे अन् गैरहजर लावून पुढं जाय. मी पहिल्या बाकावर बसलेली अन् कागदावर गैरहजर. असं कितीतरी दिवस चाललं. मंग मी म्हटलं, कागदावर आपण नाहीच आहो तर कशाले जाऊ. आई रडली, मारलं बी. नंतर थकली. आता मी फॉल-पिको करते, रंग जुळवायले माझ्यासारखं कोणी नाही असं दीदी गिऱ्हाइकाइले सांगते. मले काम आवडते बाबा. मशीन काही विचारत नाही.

बोर्ड आठवला की मले सगळ्यात पहिले ती लॅब आठवते. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी सरळ तुमच्याकडे येते. राज्य नुकतंच वेगळं झालं आहे, रायपूर राजधानी झाली, अन् तुम्हाले साहेबानं काम दिलं आहे की सगळ्या सामानावरचं 'म.प्र.' खोडून 'छ.ग.' लिहायचं. तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसले आहा, बाजूले पांढऱ्या रंगाची डबी, कानाच्या मागं ब्रश. स्टूल, अलमारी, तराजू, एकेक उलटं करून लिहून राहिले. मले म्हणता, "पाहून राहिली ना? सामान तेच. फक्त पत्ता बदलला." मी हसते. तुमच्यासोबत मले बोलायले काही नाही वाटे. तुमच्यासोबत तर मी इतकी बोलायची की तुम्ही म्हणायचे, "पोट्टे, जरा श्वास घे."

मोठ्या पोट्ट्याइले शिकवायले जे म्हातारे सर होते, ते दरवर्षी फळ्यावर बाण काढत. ओळीनं बाण, सगळे वर तोंड करून, मंग हळूहळू एकेक बाण झुकत गेलेला. तुम्ही मागं उभे राहून ऐकायचे. चहा द्यायले गेले की कप ठेवून निघून नाही यायचे, दाराजवळ थांबायचे. किती वर्षं ऐकलं असंल तुम्ही ते! तुम्ही स्वतः तर दहावीच. पण मले समजावून सांगायचे तेव्हा सरांपेक्षा चांगलं सांगायचे, हे मी सरांच्या तोंडून ऐकलं आहे. "लोखंडात लय इलेक्ट्रॉन असते," तुम्ही म्हणायचे, "हरेक इलेक्ट्रॉन एक बारकासा चुंबक. अन् धातूमध्ये त्यातले कितीतरी कोण्या एका अणूच्या घरी बसून नाही राहत, पुऱ्या पाऱ्यात, पुऱ्या मोहल्ल्यात हिंडून राहते. या घरचा कोण, त्या घरचा कोण, काही पत्ता नाही. तरी सगळ्याइचं तोंड एकाच दिशेले."

"कोण सांगते त्याइले?"

"कोणीच नाही सांगत. बाजूवाल्यानं इकडं केलं तर मी बी इकडं. असं करत करत पुरा पारा."

"अन् एकानं नाही ऐकलं तर? तो एकटाच उलटा झाला तर?"

"तेच तर!" तुम्ही गुडघ्यावर हात मारायचे. "एकट्यानं पुरं उलटं होणं लय महाग पडते, बाजूवाले सगळे ओढते ना त्याले. म्हणून काय होते, त्याचं ते उलटेपण सगळे मिळून वाटून घेते. हा थोडा झुकते, बाजूचा थोडा झुकते, त्याच्या बाजूचा थोडा. कोणालेच जड नाही होत. अन् तो झुकाव एका जागी नाही थांबत, लाटेसारखा पुढं पुढं चालत जाते. त्याले सर स्पिन वेव म्हणतात."

फळ्यावरचे बाण हलत नाही, याचा तुम्हाले राग होता. एक दिवस तुम्ही सरांना म्हटलं, "सर, मैं हिलने वाला बना दूँ?" सर म्हणे, "बना लो भाई, चाय ठंडी मत होने देना बस." मंग तुम्ही मोडक्या-तुटक्या कंपास गोळा केल्या, काच फुटलेल्या, टोक वाकलेल्या. एकेकीची टोकदार पिन कानशीवर घासून नीट केली. आठ ओळी, ओळीत आठ. पहिल्यांदा त्या लय जवळ लावल्या तर एक ओळ उत्तरेले पाहे अन् बाजूची ओळ दक्षिणेले, जशा भांडण झालेल्या जावा. दूर लावल्या तर कोणाले कोणाचं काही ऐकूच नाही जाय, एक हलवली तर एकटीच हले. किती शनिवार गेले त्यात! शेवटी बोटानं मोजून मोजून तुम्ही ती जागा सापडवली. अन् मंग कोपऱ्यातल्या सुईजवळ चुंबकाचा तुकडा नेऊन झटकन मागं घेतला, अन् ती थरथर एका सुईवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, पुऱ्या बोर्डवरून चालत गेली. मी टाळ्या वाजवल्या. सर आले, चष्मा काढून वाकून पाहिलं, म्हणाले, "असल में ऐसे नहीं होता, ये तो चुंबक का खेल है, उधर इलेक्ट्रॉनों की आपसी बात है जो कोई सुई नहीं कर सकती." तुम्ही म्हटलं, "हव सर." सरांनी चष्मा लावून पुन्हा एकदा वाकून पाहिलं. मंग म्हणे, "लेकिन दिखता ऐसा ही है."

त्याच्यानंतरची माझी चूक. तुमच्यासोबतच्या आठवणीत ही एकच अशी आहे की आठवली की अजून कान गरम होतात. पोट्ट्याइची प्रॅक्टिकल होती, बाहेरून परीक्षक येणार होते. आदल्या दिवशी सामान लावताना मी तुम्हाले मदत करून राहिली होती. बोर्ड अलमारीत ठेवला, अन् जड वस्तू ठेवली तर हलणार नाही अशा अकलेनं तो मोठा नालचुंबक बोर्डच्या मधोमध ठेवून दिला. सकाळी काढलं तर अर्ध्या सुयांचं तोंड फिरलेलं. रंगवलेलं टोक उत्तरेकडे पाहायच्या ऐवजी दक्षिणेकडे. परीक्षक हसून म्हणाले, "क्यों भाई, रायपुर में सूरज भी पश्चिम से निकलता है क्या?" सगळे पोट्टे हसले. सरांचं तोंड पडलं. "इतने साल में यही सीखा तुमने?" असं ते सगळ्यांसमोर तुम्हाले म्हणाले. मी दाराच्या मागं उभी होती. तुम्ही एकदा बी दाराकडे नाही पाहिलं. "गलती हो गई सर," एवढंच म्हटलं.

मले वाटलं आता मले लॅबमध्ये येऊ नाही देणार. सगळे गेल्यावर तुम्ही मले बोलावलं, बोर्ड टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही, पण तुमचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "चुंबक कोणाच्या उरावर ठेवायचा नसते. हाकलून नाही देत तुले. पण बिघडवलेली एक बी सुई सोडून तू आज घरी नाही जाणार." मंग तुम्ही शिकवलं, एकेक कंपास काढून दूर न्यायची, पट्टीचुंबकानं तिले पुन्हा सरळ करायची, कागदावर ठेवून पाहायची, मंग जागेवर. पहिल्या चार तुम्ही केल्या, बाकी मी. चौकीदार किल्ल्या वाजवत दोनदा येऊन गेला. संध्याकाळी घरी येताना तुम्ही मले भजे खाऊ घातले अन् जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबकाचा एक गोल चकला, चकतीसारखा, हातात दिला. म्हणाले, "हे तुझं. पण घरी घड्याळाजवळ नाही ठेवायचा." आता तो मशीनखाली पडलेल्या सुया-टाचण्या उचलायच्या कामी येते.

आपल्या स्वयंपाकघरातला तो रविवार बी आठवते. आई पोळ्या करून राहिली होती. तुम्ही मसाल्याच्या फळीले दोऱ्यानं चुंबक टांगला, सांडशीत बारीक लोखंडी तार धरली, अन् चुंबक तिच्याकडे ओढल्या गेला, वाकडा होऊन तसाच लटकून राहिला. मंग तार गॅसवर धरली. तार लाल झाली, मंग नारंगी, अन् एकदम चुंबकानं तिले सोडून दिलं, झुलत परत सरळ. "गरमी वाढली की लाटा इतक्या वाढते की कोणाचं तोंड कुठं, काही ठिकाण नाही राहत," तुम्ही म्हणाले. "मंग लोखंड आहे, पण चुंबक त्याले ओळखत नाही." आई ओरडली, "माझी सांडशी काळी केली! आता दूध काय तुमच्या चुंबकानं उतरवू?" तुम्ही तार तशीच धरून ठेवली. ती थंडी होऊन राहिली होती. थोड्या वेळानं चुंबक हळूच पुन्हा तिच्याकडे सरकला. आई लाटणं हातात धरून पाहून राहिली होती. म्हणे, "आता पुन्हा करा बरं." तीनदा केलं. पोळी करपली, तिले समजलंच नाही.

तुम्ही गेल्यावर आपल्या पाऱ्यात कोणी एकानंच सगळं केलं असं नाही झालं. वरच्या घरची काकू दोन वेळा वरण आणून दे. समोरचे बँकवाले आईसोबत अनुकंपाच्या कागदांसाठी गेले. शेजारच्या दीदीनं माझ्या वेण्या घातल्या, मी न बोलता बसून राही, तिनं बी काही विचारलं नाही. कोणालेच ते जड नाही झालं. मले तेव्हा फक्त माझ्या वेण्या दिसत होत्या, हे वाटून घेणं नाही.

तर बोर्ड. भैया सांगून गेले त्या संध्याकाळी मी आईले सांगतलं. आई म्हणे, "जा अन् घेऊन ये. माझी सुट्टी नाही, नाहीतर मीच गेली असती. तुझ्या बापाच्या हातचं एवढं एकच राहिलं." मंग ती हातोडी काढून तुमच्या फोटोच्या बाजूले खिळा ठोकायले बसली. "इथं लावू. हार मोठा आणीन, दोघाइले पुरेल असा."

"आई, मी कशी मागू? कोण ओळखते मले तिथं?"

"तोंडानं माग. तोंड दिलं आहे ना?"

सकाळी मी कॉलेजले गेली. व्हरांड्यात ढीग, मोडके स्टूल, त्यावर तुमच्या हातचं 'छ.ग.'. बोर्ड एका पंख्याखाली दबलेला. एक मॅडम हातात यादी घेऊन उभ्या, कबाडीवाला तराजू लावून राहिला होता. मॅडम माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हाँ, किससे मिलना है?" अन् बाबा, तेच झालं. तोंड उघडलं, आवाज नाही. त्याइनं पुन्हा विचारलं. मी नुसतं बोट दाखवलं. कबाडीवाला म्हणे, "गूँगी है क्या? मैडम, पीतल अलग तौलूँ?" अन् त्यानं बोर्ड उचलला, उभा. उभा केला की सुया काचेले घासते, टोकं खराब होते. मी त्याच्या हातातून ओढून घेतला. कसा ओढला, माहीत नाही. फरशीवर ठेवला. फरशी उतरती होती तर एका बाजूले ढिगातली एक वही सरकवली, ओढणीनं धूळ पुसली. बऱ्याच सुया अडकल्या होत्या. बोटाच्या नखानं टकटक करत एकेकीले सोडवलं, जसं तुम्ही करायचे. नऊ नाही सुटल्या. बाकीच्या डोलत डोलत एका दिशेले झाल्या. माझ्या पिशवीत कापडाची कात्री होती, रोज त्या चकल्याजवळ पडून पडून तिले चुंबक लागला आहे. कात्रीचं टोक कोपऱ्यात नेलं अन् झटकन मागं.

लाट गेली. अडकलेल्या सुयांजवळ थोडी अडखळली, त्याइच्या बाजूनं वळून पुढं गेली.

"रुको," मॅडम कबाडीवाल्याले म्हणाल्या. मंग माझ्याजवळ खाली बसल्या, साडी फरशीवर. "फिर से करो." मी केलं. वर्गातले पोट्टे-पोट्ट्या बाहेर आले. मॅडमनं विचारलं, "ये क्या दिखाता है, मालूम है?" अन् माझा आवाज निघाला, फाटका, पण निघाला. "स्पिन वेव. एक का पूरा पलटना महँगा पड़ता है. सबका थोड़ा-थोड़ा झुकना सस्ता." मॅडमनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काही चोरलं असंल. "किस कॉलेज में हो?" मी म्हटलं, "पंडरी में. पिको करती हूँ." एक पोट्टी फिसकन हसली, पण वाईट नाही हसली. मॅडमनं यादीवर पेन ठेवला अन् म्हणाल्या, "ले जाना चाहती हो? मैं लिस्ट से काट देती हूँ, कबाड़ ही तो है."

मले फक्त मान हलवून हव म्हणायचं होतं. त्याच वेळी एक पोट्टा फरशीवर पोटावर झोपला होता, गाल टेकवून, सुयांच्या ओळीतून पाहत. त्यानं माझी कात्री घेतली अन् ती हळूहळू, एका तालात पुढं-मागं करायले लागला. कधी लवकर, कधी सावकाश. एका तालाले पुरा बोर्ड एकदम डोलायले लागला, इतका की तो पोट्टा स्वतःच दचकला. बाबा, हे तर आपण कधी करून नव्हतं पाहिलं. तुम्ही असते तर गुडघ्यावर हात मारला असता. "मैम, इसकी अपनी कोई फ्रीक्वेंसी है!" तो ओरडला, अन् सगळे त्याच्यावर ओणवे झाले. मी तो आईनं ठोकलेला खिळा डोळ्यासमोर आणला. भिंतीवर एक बी सुई फिरणार नाही. हाराखाली तर दिसणार बी नाही. मी म्हटलं, "नहीं मैडम. इसको सपाट टेबल चाहिए. यहीं रहने दीजिए."

मॅडमनं त्याले नव्या लॅबमध्ये खिडकीजवळ टेबल दिला. त्या नऊ सुया सोडवायले मले यायले सांगतलं. मी शनिवारी जेवणाच्या सुट्टीत जाते, पंडरीवरून ऑटोनं. सहा सुटल्या, तिघींची टोकं घासावी लागतील.

पण घरी येऊन मी आईले सांगतलं की सरकारी सामान आहे, नाही देत म्हणतात. आई लय चिडली. "माणूस नेला, आता लाकडाचा तुकडा बी नाही देत! ठेवा म्हणावं, घाला डोक्यावर!" दोन दिवस ती कॉलेजले शिव्या देत होती. मंग त्या खिळ्यावर तिनं छत्री अडकवली. मॅडमचं नाव खराब झालं आपल्या घरात, अन् त्या बिचारीनं तर यादीवर पेन बी ठेवला होता. एखाद्या शनिवारी आईले सोबत नेईन, तेव्हा सांगीन. अजून हिंमत नाही झाली. ही चिट्ठी तुम्हाले पाठवायची सोय नाही, अन् घरात ठेवली तर आई वाचंल, ऑफिसात राहून ती आता हर कागद उलटून पाहते. म्हणून दुकानातच ठेवीन, फॉलच्या गठ्ठ्याखाली.

अन् सपाट टेबल पाहिजे म्हणून बोर्ड तिथं सोडला असं जे मी वर लिहिलं, ते पुरं खरं नाही बाबा. तिथं कोणी नवीन आलं की बोर्ड पाहून विचारते, "ये किसने बनाया?" मॅडम माझ्याकडे पाहते, अन् मले सांगावं लागते, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, "मेरे पापा ने." आतापर्यंत चारदा सांगून झालं. मले ते सांगायले आवडते.